बटण आत राहिलं पाहिजे

कॉम्प्युटरवाले लोक चिडतात, पण आमच्या घरी अजूनही त्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आत बसलेला बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, आणि मग सुट्टीत सांगलीला आल्यावर मी बाबांना दोनतीनदा सुधारलंसुद्धा. त्यावर ते म्हणाले, "अरे पण दुकानदाराने बिलावर सीपीयूच लिहिलंय की." विषय संपला.

आता इतक्या वर्षांनी मला वाटायला लागलंय की बाबांचंच बरोबर होतं. म्हणजे इंजिनिअर म्हणून नाही वाटत, पण त्या डब्याचा इतिहास बघितला तर वाटतं. त्याच डब्यात मी आता आजचं हार्डवेअर बसवलंय, म्हणून तो इतिहास सांगतो, जरा लांबण लागेल.

१९९५ ची दिवाळी. बाबांचं गावभागात डीटीपीचं दुकान होतं, म्हणजे होणार होतं, कारण कॉम्प्युटरच नव्हता. तोपर्यंत लग्नपत्रिका खिळे जुळवणाऱ्या प्रेसकडून व्हायच्या, आणि बाबांना कुणीतरी सांगितलं की आता सगळं कॉम्प्युटरवर होणार. मग ते महालक्ष्मीने रात्रभर प्रवास करून मुंबईला गेले, तेव्हाच्या व्हीटीला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरून एक असेंबल्ड मशीन घेऊन दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत आले. डबा खोक्यात, खोकं सीटखाली, आणि खोक्यावर पाय ठेवून झोप. चोरीला जाऊ नये म्हणून. त्या पैशात दोन स्कूटर आल्या असत्या, हे आई पुढची दहा वर्षं अधूनमधून सांगायची.

आत होता ४८६ डीएक्स-टू, ६६ मेगाहर्ट्झ. आठ एमबी रॅम, ५४० एमबीची हार्डडिस्क. डॉस, त्यावर विंडोज ३.११, आणि मागे प्रिंटरच्या पोर्टला मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल. तो डोंगल काढला की मराठी बंद. बाबा रात्री दुकान बंद करताना डोंगल खिशात घालून घरी आणायचे, लोक गल्ल्याची चावी आणतात तसा. पुढे आठेक वर्षं सांगलीतल्या किती चि. सौ. कां. नी चि. रा. त्या डब्यातून आमच्या येथे श्रीकृपेकरून बाहेर पडले त्याचा हिशोब नाही.

पण मशीन बाहेरून कसं दिसायचं ते महत्त्वाचं. दुधात चहा चुकून सांडला तर येतो तसला बदामी रंग. मिनी टॉवर. समोर एक सव्वापाच इंची फ्लॉपीची जागा, एक साडेतीन इंची ड्राइव्ह, त्याखाली एक गोल कुलूप, दोन छोटी बटणं आणि एक मोठं. छोट्यांतलं एक रीसेट, दुसरं टर्बो. शेजारी हिरव्या दिव्यांचा दोन आकडी डिस्प्ले, त्यावर ६६. टर्बो दाबून बाहेर काढलं की ३३. त्या आकड्याकडे बघत मी तासन् तास बसलोय, मला वाटायचं हे गाडीच्या स्पीडोमीटरसारखं आहे, आत काहीतरी मोजलं जातंय.

काहीही मोजलं जात नव्हतं. त्या डिस्प्लेच्या मागे एक छोटा बोर्ड असतो, त्यावर जंपरच्या बारक्या टोप्या असतात, कुठली टोपी कुठे लावली त्यावर ठरतं की कुठली रेघ पेटणार. बटण दाबल्यावर एक आकडा, सोडल्यावर दुसरा, बास. असेंबल करणारा पोरगा चिमट्याने जे लावेल ते. तुम्ही ९९ लावलं असतं तरी त्याने ९९ दाखवलं असतं. आणि टर्बो बटणाची गंमत तर त्याहून मोठी, ते बटण मशीन पळवायला नव्हतंच, मंद करायला होतं. आयबीएमचा पहिला पीसी आला १९८१ ला, तो ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा, आणि त्या काळातले काही गेम त्या वेगालाच वेळ समजून लिहिलेले. नव्या मशीनवर लावले की गाडी दिसायच्या आत भिंतीवर. म्हणून वेग उतरवायची सोय. पण 'मंद' असं बटण कोण विकत घेणार, म्हणून नाव टर्बो, आणि कायम दाबलेलंच ठेवायचं. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूष झाले, म्हणाले, "म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखं. पाचावर ठेवायचं आणि विसरायचं."

तर मुद्दा असा. १९९९ ला ४८६ ने मान टाकली. म्हणजे चालत होतं, पण पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर, नवीन पेजमेकर, उघडायला लागलं की बाबा चहा पिऊन यायचे. मग बाबांनी काय केलं, तर नवीन कॉम्प्युटर घेतला नाही. मिरजेचा एक पोरगा यायचा रिपेरीला, त्याने डबा उघडला, जुना मदरबोर्ड काढला आणि एएमडीचा के-सिक्स-टू, ४०० मेगाहर्ट्झचा, नव्या बोर्डावर बसवून दिला. त्याच डब्यात. जुन्या बोर्डाचे पैसे वळते करून घेतले. एसएमपीएस, म्हणजे आतली वीज पुरवणारी पेटी, तोच. कीबोर्ड तोच, मोठ्या गोल पिनचा. समोरचा डिस्प्ले? ६६. दोनच आकडे होते, ४०० कुठून दाखवणार, त्याने विचारलं 'एचआय', म्हणजे हाय, असं लावून देऊ का, बाबा म्हणाले राहू दे, लोकांना सवय झालीय. आणि डब्यावर डाव्या कोपऱ्यात ते निळं स्टिकर होतं, इंटेल इन्साइड. ते पण राहू दिलं. म्हणजे १९९९ पासून तो डबा दोन गोष्टी सरळ सरळ खोट्या बोलत होता आणि गिऱ्हाईक विश्वास ठेवत होतं.

हे इतकं पाल्हाळ यासाठी की परवा मी जेव्हा याच डब्यात आजचं हार्डवेअर बसवतोय असं दोघाचौघांना सांगितलं तेव्हा त्यातल्या एकाने मला अक्षरशः झापलं. तो जुनी मशीन जमवतो, त्याच्याकडे चालू ४८६ आहेत, चांगला माणूस आहे. म्हणाला, वाड्याचं दार तेवढं ठेवून आत फ्लॅट बांधल्यासारखं आहे हे. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. जुने डबे संपत चाललेत, भंगारात जातायत, आणि आत चालू बोर्ड असताना कुणी तो उपटून आत आरजीबी दिवे लावत असेल तर माझंही डोकं फिरतं. चालू मशीनची आतडी काढू नयेत, हे माझंही मत आहे. पण आमच्या डब्याला 'मूळ' आतलं असं काही उरलंच नव्हतं. ४८६ गेला १९९९ ला. नंतरचा के-सिक्स-टू २००३ ला पेन्शनीत निघाला आणि डबा माळ्यावर गेला. मी तो उतरवला तेव्हा बोर्डावरचे कपॅसिटर टम्म फुगलेले होते, टाळूवर डाग पडलेले. मी ते बदलायचा प्रयत्न केला, शपथ, दोन रविवार घालवले, सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकलं गेलं आणि खालची तांब्याची रेघच उचलली गेली. तो बोर्ड आता पिशवीत घालून ठेवलाय. कधीतरी, कुणीतरी.

घरातल्या तांब्यापितळेच्या भांड्याला आपण कल्हई करतो तेव्हा कुणी म्हणत नाही की आतलं मूळ कथील घालवलंस. आत बदलत राहायचं म्हणूनच भांडं टिकतं. असेंबल्ड कॉम्प्युटरची आपल्याकडची सगळी रीतच ती होती, डबा एकदा घ्यायचा आणि आतलं पैसे असतील तसं बदलायचं.

डबा वाचला कसा तेही सांगायला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली तेव्हा दुकानातल्या नव्या मशीन, म्हणजे टेबलावर ऐटीत बसलेल्या, सगळ्या पाण्यात गेल्या. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढत होतो, त्या चिखलाचा वास अजून नाकात आहे, आणि बाबा एकेक कॅबिनेट उलटं करून पाणी ओतून टाकत होते, काही न बोलता. घरी आल्यावर माळ्यावर बघितलं तर हा म्हातारा कोरडा. फुलाफुलांच्या कव्हरसकट. ते कव्हर आईने शिवलेलं, पडद्याच्या उरलेल्या कापडाचं, मॉनिटरला एक, सीपीयूला एक, कीबोर्डला एक. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर ज्या घरात होता त्या घरात ही कव्हरं होती, सांगायला नको.

काम प्रत्यक्ष सुरू केलं २०२२ मध्ये. आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की हे फक्त स्क्रू फिरवायचं काम नाही.

अडचण अशी आहे. हा डबा एटी जातीचा, एटी म्हणजे तेव्हाच्या डब्यांचं आणि बोर्डांचं ठरलेलं माप. त्यात बसायचा बेबी एटी बोर्ड, २१६ बाय ३३० मिलिमीटर. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे नवं माप आणलं, म्हणजे बाबा महालक्ष्मीत खोक्यावर पाय ठेवून झोपले होते त्याच वर्षी त्या खोक्यातली जात म्हातारी झाली होती, फक्त लॅमिंग्टन रोडवर कुणी बोललं नाही. एटीएक्सने बोर्डाच्या मागच्या कडेला सगळे पोर्ट एकत्र आणले, यूएसबी, आवाज, नेटवर्क, सगळं एका पट्टीत. त्यासाठी डब्याच्या पाठीला एक आडवी खिडकी लागते, साधारण १५९ बाय ४५ मिलिमीटर. एटी डब्याला ती खिडकीच नसते. त्याच्या पाठीला असतं एक गोल भोक, कीबोर्डच्या त्या जाड पिनेसाठी. आणि सात उभ्या फटी, कार्डांच्या.

म्हणजे पत्रा कापा. सगळे व्हिडिओवाले तेच करतात, ग्राइंडर लावायचा, ठिणग्या उडवायच्या, खिडकी पाडायची. मी पण मार्करने आखून घेतली. ग्राइंडर शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आणला. तो दोन दिवस तसाच पडून होता. बाबा येता जाता आखलेल्या रेघांकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काय करायलायस? कापायचं म्हणतोस होय?" मी म्हटलं हो, पोर्टला जागा नाही. तर ते डब्याच्या मागे वाकले आणि त्या सात फटींवर बोट ठेवून म्हणाले, "प्रिंटरची वायर कुठून यायची मग?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. अगदी बरोबर. एटीच्या काळात प्रिंटरचा आणि माऊसचा पोर्ट बोर्डावर नसायचाच. आत कार्डावरून किंवा बोर्डावरून एक चपटी पट्टी वायर निघायची, ती फटीतल्या पत्र्याच्या पट्टीवर यायची, आणि पोर्ट त्या पट्टीवर असायचा. म्हणजे त्या डब्याला पोर्ट बाहेर काढायची स्वतःची रीत होती, मी ती विसरून त्याच्या पाठीत नवीन दार पाडायला निघालो होतो. ग्राइंडर परत दिला.

मग सगळा प्लॅन बदलला. बोर्ड घेतला मिनी आयटीएक्स, १७० बाय १७०, हा आकार व्हिया कंपनीने २००१ मध्ये काढलेला. ३३० लांबीच्या बोर्डाच्या जागेत १७० चा बोर्ड म्हणजे चारजणांच्या कुटुंबासाठी घेतलेल्या घरात एकटा भाडेकरू. त्यामुळे तो पाठीला चिकटवायची गरजच नाही. मी तो पाठीपासून चांगला आठनऊ सेंटिमीटर आत सरकवला, त्याच्या पोर्टांत आखूड एक्स्टेंशन वायरी घातल्या, यूएसबीच्या, एचडीएमआयची, नेटवर्कची, आणि त्यांची दुसरी टोकं फटींतल्या पट्ट्यांवर बसवली. पट्ट्या जुन्याच, मोडक्या कार्डांच्या काढलेल्या, कानस मारून भोकं मोठी केली. बाहेरून बघितलं तर कार्डं लावल्यासारखंच दिसतं.

आणि इथे एक गोष्ट कळली जी मला फार आवडली. दोन फटींमधलं अंतर ०.८ इंच असतं. आयबीएमच्या पहिल्या पीसीत ते एक इंच होतं, पाच स्लॉट होते. १९८३ ला एक्सटी आला, त्यात आठ स्लॉट कोंबायचे म्हणून अंतर ०.८ केलं. तेव्हापासून कार्डांच्या जाती बदलत गेल्या, आयएसए गेलं, पीसीआय आलं, एजीपी आलं गेलं, पीसीआय एक्सप्रेस आलं, आज लाखभर रुपयांचं ग्राफिक्स कार्ड घ्या, त्याच्या मागच्या पट्ट्या त्याच ०.८ इंचावर. माझ्या डब्यात ते बसेल का, तर लांबीने आणि गरमीने मरेल पण पट्टी फटीत चपखल बसेल. तसंच एसएमपीएसचं. जुना एटी एसएमपीएस १५० बाय १४० बाय ८६, आणि नवा एटीएक्सचाही तेवढाच, स्क्रूची भोकंसुद्धा जुळली. मी उगाच ड्रिल हातात घेऊन बसलो होतो. सगळं बदललं सगळं बदललं असं आपण म्हणतो पण दोन भोकांमधलं अंतर बदलायला कुणी धजत नाही.

बोर्ड धरायला मात्र काहीतरी हवं होतं, कारण डब्याच्या पत्र्याला मिनी आयटीएक्सची भोकं नाहीत. एटी डब्यात बोर्ड पांढऱ्या प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसायचा, त्या खुंट्या चावीच्या भोकासारख्या खाचांत सरकवायच्या, आणि एकदोन पितळी षटकोनी स्टँडऑफ. मी नेमप्लेट करतात तिथून तीन मिलिमीटर ॲक्रिलिकची पाटी कापून आणली, जुन्या खाचांवर ती बसवायची आणि तिच्यावर नवा बोर्ड. पहिली पाटी स्क्रू जास्त आवळला म्हणून तडकली. दुसरी ॲल्युमिनियमची केली. स्क्रूंचाही वेगळाच जाच, डब्यातले अर्धे स्क्रू जाड आट्यांचे, अर्धे बारीक एम-थ्री, आणि बाबांच्या डबीत दोन्ही मिसळलेले, श्रीखंडाच्या डबीत, कारण अजून कुठे असणार.

आत घातलं काय तेही सांगून टाकतो, एएमडीचा रायझन ५६००जी. सहा कोअर, स्वतःचं ग्राफिक्स, वेगळं कार्ड नको. १६ जीबी रॅम, म्हणजे जुन्या आठ एमबीच्या २०४८ पट, हा हिशोब मी बाबांना सांगितला तर ते म्हणाले, "आणि पत्रिका किती पट लवकर होते?" ४८६ च्या चिपवर १२ लाख ट्रान्झिस्टर होते, याच्यावर हजार कोटींच्या वर आहेत. आणि डब्यावर अजूनही इंटेल इन्साइड. एएमडी दुसऱ्यांदा त्याच स्टिकरच्या मागे लपून बसलंय.

गरमीने मात्र रडवलं. ४८६ पाच-सात वॅट खायचा, डोक्यावर एवढासा पंखा. त्यामुळे त्या डब्याला श्वास घ्यायची फारशी सोयच नाही, जी काही हवा खेळायची ती एसएमपीएसच्या पंख्याने ओढलेली. त्यात ६५ वॅटची चिप. पहिल्या टेस्टला दहा मिनिटांत ९० च्या वर, ९५ ला ती स्वतःच मान खाली घालते. मे महिना, सांगली, वर पत्रा. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, तिला ४५ वॅटवर बांधली, तेवढी सोय त्या चिपला आहे. आणि डब्याच्या पुढच्या बाजूला, लांबलचक आयएसए कार्डांची टोकं धरायला जी खाचांची प्लास्टिकची चौकट असते, तिच्यात ८० मिलिमीटरच्या पंख्याची जागा सापडली, रिकामी. १९९५ ला कुणीतरी विचार केला होता, दुकानदाराने पंख्याचे पैसे वाचवले होते. तिथे पंखा बसवला. शेजारीच जुना स्पीकर होता, पुठ्ठ्याचा, आठ ओहमचा, तो नव्या बोर्डाच्या चार पिनांना जोडला. चालू केल्यावर 'टीं'. एकदाच. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "लागला का रे?" वीस वर्षांनी तोच प्रश्न त्याच सुरात.

रंगाचं प्रकरण थोडक्यात उरकतो कारण त्यात माझी अब्रू जाते. एबीएस प्लास्टिक उन्हाने नी वयाने पिवळं पडतं, आमचा पुढचा मुखवटा पिठल्याच्या रंगाचा झाला होता. उपाय हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. केसांच्या रंगात मिसळायचं जे डेव्हलपर क्रीम पार्लरच्या सामानात मिळतं, बारा टक्केवालं, ते हातमोजे घालून चोपडायचं, वर प्लास्टिक गुंडाळायचं आणि गच्चीत ठेवायचं, अधूनमधून फिरवायचं. आई पापड वाळत घालत होती, तिने बघितलं, म्हणाली त्याला मेंदी कसली लावतोयस. मी जेवायला खाली गेलो आणि डोळा लागला. एका कोपऱ्यात क्रीम वाळलं, तिथे आता ढगासारखा पांढरा डाग आहे, कायमचा. स्टिकर मी काढलं नव्हतं. काढलं असतं तर त्याच्याखाली १९९५ चा रंग सापडला असता एवढं मला माहितीय, आणि म्हणूनच काढलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बटणात.

एटीचं पॉवर बटण म्हणजे खरोखरचं बटण. आतून चार वायरींची जाड केबल निघते आणि घरातली २३० व्होल्टची लाइन सरळ त्या बटणापर्यंत येते, तुमच्या बोटापासून एका प्लास्टिकच्या अंतरावर. दाबलं की 'खट्', आत जाऊन बसतं, चालू. परत दाबलं की बाहेर, बंद. पूर्ण बंद. एटीएक्समध्ये तसं नाही, तिथे बटण म्हणजे नुसती विनंती, क्षणभर दोन पिना जोडायच्या, बोर्डाला वाटलं तर तो एसएमपीएसला उठवतो. आणि ते बटण दाबून धरलं की चार-पाच सेकंदांत बोर्ड समजतो माणूस वैतागलाय, आणि सगळं एकदम तोडतो. म्हणजे जुनं बटण सरळ जोडलं तर मशीन चालू होणार आणि पाच सेकंदांत बंद.

सोपा उपाय आहे. त्या बटणाच्या पोटात एक वाकडी तार असते जी त्याला आत अडकवते, ती काढून टाकली की ते दारावरच्या बेलसारखं होतं. २३० ची केबल अर्थात मी आधीच काढून फेकली होती, ती ठेवायची नसतेच, कुणी करत असेल तर कृपा करून करू नका. तार काढली, जोडलं, चाललं. बाबांना बोलावलं. त्यांनी दाबलं, बटण आत गेलं आणि परत बाहेर आलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मशीन चालू, बंद, चालू.

"बटण राहत नाही आत," ते म्हणाले. "बिघडलंय."

मी समजावलं की आता असंच असतं. दुकानात नव्या मशीनवर ते रोज तसलंच बटण दाबतात, त्यांना माहितीय सगळं. पण ते त्या बटणाकडे बघून म्हणाले, "हो, पण या मशीनचं राहायचं." एवढं बोलून पेपर वाचायला गेले.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल किती लाड. पण मला पटलं. डिस्प्लेवर ६६ खोटं चालेल, स्टिकर खोटं चालेल, ते आधीपासूनच खोटे होते. बटण खोटं नव्हतं कधी. त्या सगळ्या डब्यात ती एकच गोष्ट होती जी सांगायची ते खरं असायचं, आत म्हणजे चालू, बाहेर म्हणजे बंद, लांबून दिसायचं. लाइट गेली असताना पण बोटाने चाचपून कळायचं की परत आली तर हे आपोआप चालू होणार, म्हणून बाबा अंधारात आधी ते बटण बाहेर काढायचे.

मग तार परत बसवली, त्यातच एक संध्याकाळ गेली कारण ती उडून कपाटाखाली गेली. आणि प्रो मायक्रो नावाचा बोटाच्या पेराएवढा कंट्रोलर मध्ये घातला, मदरबोर्डच्या यूएसबी पिनांवर, मशीन बंद असतानाही जिथे पाच व्होल्ट जिवंत असतात तिथे. तो बटणावर नजर ठेवतो. बटण आत गेलं आणि मशीन बंद असेल तर पॉवरच्या पिना क्षणभर जोडतो. बटण बाहेर आलं आणि मशीन चालू असेल तर परत क्षणभर जोडतो, म्हणजे शहाण्यासारखं शटडाउन. चालू आहे की बंद हे त्याला पॉवरच्या दिव्यावरून कळतं. टर्बोचं बटण पण त्यालाच जोडलं, बाहेर काढलं की कॉम्प्युटर पॉवर वाचवायच्या मोडमध्ये जातो आणि समोर ३३ येतं. म्हणजे टर्बो आता आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं सांगतोय, साधारण.

राहिली होती एकच शक्यता. मेन्यूतून शटडाउन केलं तर? मशीन बंद, बटण आतच. मग नंतर बटण बाहेर काढलं तर काय करायचं? मी कोडमध्ये लिहिलं, काहीच करायचं नाही. एवढीच एक ओळ. लिहिताना ती मला उरलीसुरली केस वाटली होती, कोण करणार असं.

ज्या दिवशी सगळं जोडून झाकण लावलं त्या संध्याकाळी बाबा टेबलाशी बसले. बटण दाबलं, खट्, टीं, पंखा. ६६. त्यांनी एक पत्रिका उघडली, चष्मा वर करून अक्षरं बघितली, उगाच एक वेलांटी बदलली, सेव्ह केलं. मग मेन्यूतून शटडाउन. स्क्रीन काळी झाली. ते हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसले. मला आधी कळेना कशाची वाट बघतायत. मग आठवलं. विंडोज ९५ मध्ये शटडाउन केलं की काळ्यावर नारिंगी अक्षरं यायची, आता तुम्ही कॉम्प्युटर बंद करू शकता अशा अर्थाची, आणि ती आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही असा दुकानात नियम होता, मी एकदा मोडला होता आणि थप्पड खाल्ली होती.

नारिंगी काही आलं नाही. पंखा आपोआप थांबला. त्यांनी अजून जरा वाट बघितली, मग वाकून बटण दाबलं. खट्. बाहेर.

कंट्रोलरने काहीच केलं नाही.

"कव्हर कुठंय?" ते म्हणाले. मी सांगितलं लगेच घालू नका, आत गरम आहे अजून, नवीन चिप आहे, अर्धा तास जाऊ दे. त्यांनी डब्यावर तळहात ठेवून बघितला. मग कव्हर मांडीवर घेऊन, घडी न घालता, तिथेच बसून राहिले.